जिना नवा, वाट जुनीच: न्यूयॉर्क सबवेच्या लिफ्टचं प्रकरण

ब्रॉन्क्सच्या पूर्व भागात वेस्टचेस्टर अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून सहा नंबरची मेट्रो धावते. १९२० सालचा हा उन्नत मार्ग: खाली रहदारीचा रस्ता, लोखंडी खांबांवर रूळ, रुळांच्या पोटाशी तिकीट-फाटकांचा मधला मजला आणि वर दोन्ही बाजूंना एकेक फलाट. याच मार्गावरचं मिडलटाउन रोड हे स्टेशन ऑक्टोबर २०१३ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं आणि मे २०१४ मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या सात महिन्यांत फलाटांचं काम झालं, भिंती झाल्या, आणि मुख्य म्हणजे रस्त्यापासून मधल्या मजल्यापर्यंतचे व तिथून फलाटांपर्यंतचे जिने काढून नवेकोरे बसवले गेले. लिफ्ट बसली नाही.

दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रॉन्क्स इंडिपेंडंट लिव्हिंग सर्व्हिसेस या दिव्यांगांच्या संस्थेने सबवे चालवणाऱ्या एमटीएला न्यायालयात खेचलं. भांडण एका प्रश्नाचं होतं. जिना बदलायला काढला, स्टेशन त्यासाठी बंद ठेवलं, तर त्याच कामात लिफ्ट घालणं कायद्याने बंधनकारक आहे की नाही? एमटीएचं म्हणणं असं की लिफ्टचा खर्च मूळ कामाच्या मानाने फार मोठा आहे, म्हणून सक्ती लागू होत नाही. २०१८ मध्ये मॅनहॅटनमधलं केंद्र सरकारच्या वकिलांचं कार्यालयही संस्थेच्या बाजूने खटल्यात उतरलं, तेव्हा हे प्रकरण एका आडबाजूच्या स्टेशनापुरतं राहिलं नाही.

न्यूयॉर्कच्या सबवेबद्दल बोलताना लोक टाइम्स स्क्वेअरची गर्दी नाहीतर उंदीर सांगतात. मला मिडलटाउन रोडच्या जिन्यात या व्यवस्थेचं दुखणं जास्त स्पष्ट दिसतं. ४७२ स्टेशनं, १९०४ पासून चालू, दिवसाचे चोवीस तास. बहुतेक स्टेशनं १९४० च्या आधीची. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभावाला बंदी करणारा अमेरिकेचा कायदा, ज्याला तिथे एडीए म्हणतात, १९९० चा. तरीही २०१८ मध्ये, म्हणजे कायद्याला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, चौथा हिस्साही स्टेशनं व्हीलचेअरवाल्यांच्या उपयोगाची नव्हती. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: पैसा नाही. ते अर्धंच खरं. पैसा आला तेव्हाही लिफ्ट आली नाही, हे मिडलटाउन रोडला दिसलं. असं का झालं हे कळायला चार दशकं मागे जावं लागतं.

आधी गाडी धावू दे

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. त्या दशकात सबवेची देखभाल 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत टाळली गेली. डब्यांना आगी लागत, दारं उघडत नसत, रुळांची अवस्था अशी की कित्येक ठिकाणी गाडी रांगत न्यावी लागे. १९७९ मध्ये रिचर्ड रॅव्हिच एमटीएचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी राज्य सरकारच्या मागे लागून कर्जरोख्यांची वाट मोकळी करून घेतली. १९८२ पासून पंचवार्षिक भांडवली आराखडे सुरू झाले ते त्यातून. सबवे वाचला तो या आराखड्यांमुळे, हे मान्यच करायला हवं.

त्याच १९७९ साली एक दावा दाखल झाला. ईस्टर्न पॅरालाइज्ड व्हेटरन्स असोसिएशन ही मज्जारज्जूला इजा झालेल्या माजी सैनिकांची संघटना. न्यूयॉर्क राज्याचा कायदा सांगत होता की सार्वजनिक इमारतीचं नूतनीकरण केलं की ती अपंगांना वापरता येईल अशी करावी. संघटनेचं म्हणणं सरळ होतं: सबवे स्टेशन ही सार्वजनिक इमारतच आहे, तुम्ही ती नव्याने करताय, मग आमच्यासाठीही करा. नव्या पैशातून होऊ घातलेली स्टेशनांची कामं या दाव्यामुळे अडकायला लागली.

महापौर एड कॉच भडकले. एवढ्या लिफ्ट बसवण्यापेक्षा प्रत्येक अपंग माणसाला टॅक्सीने फिरवणं स्वस्त पडेल, असा त्यांचा जाहीर युक्तिवाद होता. आज तो वाचताना कानाला टोचतो. पण त्या वेळचं शहर डोळ्यासमोर आणलं तर युक्तिवादामागची घालमेल समजते. गाडीच वेळेवर येत नाही, आली तर बोगद्यात बंद पडते, अशा वेळी लिफ्टवर पैसे घालायचे का? आधी गाडी धावू दे, मग जिन्याचं बघू. फक्त हे 'मग' कधी येणार, ते कुणी लिहून घेतलं नाही.

१९८४ मध्ये गव्हर्नर मारिओ कुओमो यांच्या काळात तडजोड झाली. एमटीएने ५४ स्टेशनं निवडून सुगम्य, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशी, करायची, बसगाड्यांना व्हीलचेअरच्या लिफ्ट बसवायच्या, आणि जे तरीही प्रवास करू शकणार नाहीत त्यांच्यासाठी दारापासून दारापर्यंत नेणारी वेगळी गाडी सुरू करायची. बदल्यात नूतनीकरण केलं की सुगम्यता आलीच, हा राज्याच्या कायद्यातला सरसकट नियम सबवेपुरता बाजूला पडला. पुढे एडीए आला, 'प्रमुख स्टेशनं' ही कल्पना राष्ट्रीय कायद्यात गेली आणि न्यूयॉर्कचा आकडा ५४ वरून १०० वर गेला, मुदत २०२०.

माझ्या मते या प्रकरणातली कळीची जागा हीच. नियम गेला आणि यादी आली. नियम प्रत्येक कामाला चिकटतो. कुठलाही अभियंता कुठल्याही जिन्याचा नकाशा उघडेल तेव्हा नियम त्याच्या टेबलावर हजर असतो. यादी मात्र एका विशिष्ट विभागाची, विशिष्ट निधीची. यादीत नसलेल्या स्टेशनावर काम करणाऱ्याला लिफ्टचा विचार करण्याचं कारणच उरत नाही. मिडलटाउन रोड यादीत नव्हतं. तिथे जिने काढणाऱ्यांना कुणी दुष्ट म्हणायचं कारण नाही. त्यांच्या कागदात लिफ्ट नव्हती, एवढंच.

माजी सैनिकांच्या बाजूनेही हे लक्षात घ्यायला हवं. पाच वर्षं भांडून हातात ठोस काहीतरी पडत होतं. बसगाड्यांची बाजू तर खरोखरच फळाला आली. न्यूयॉर्कच्या सगळ्या बस आज व्हीलचेअर घेतात. अर्थात त्या वाहतुकीत अडकून किती रखडतात हा निराळा विषय.

यादी जमिनीवर कशी दिसते

यादीतल्या स्टेशनांची निवड गर्दी, गाड्या बदलण्याची सोय, मार्गाचं शेवटचं टोक अशा निकषांवर झाली. निकष चुकीचे नव्हते, पण त्यातून जाळं तयार होत नाही. २०१८ मध्ये शहराचे हिशेब-नियंत्रक स्कॉट स्ट्रिंगर यांच्या कार्यालयाने नकाशा मांडला तेव्हा सबवे पोचतो अशा १२२ वस्त्यांपैकी ६२ वस्त्यांत एकही सुगम्य स्टेशन नव्हतं. म्हणजे घराजवळ स्टेशन आहे, मासिक पास परवडतो, गाडीचा आवाज खिडकीतून ऐकू येतो आणि तरी गाडी आपली नाही.

भारतीयांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स. साड्या, मिठाई, किराणा यांसाठी न्यू जर्सीपासून आपली माणसं तिथे येतात. ७४ व्या रस्त्यावरच्या त्या मोठ्या स्टेशनात लिफ्ट आहेत, त्यामुळे देशातून आलेल्या गुडघेदुखीच्या आईबाबांनाही तिथे उतरवता येतं. पण सात नंबरच्या त्याच मार्गावर दोन्हीकडची शेजारची स्टेशनं, ६९ वा रस्ता आणि ८२ वा रस्ता, वर्षानुवर्षं निव्वळ जिन्यांची राहिली. राहायला जागा शोधताना दोन रस्त्यांचं अंतर भाडं ठरवतं. इथे ते घराबाहेर पडता येईल की नाही हेही ठरवत होतं.

यादीत मोजलेल्या स्टेशनांतही गमती आहेत. मॅनहॅटनच्या मध्यभागी ब्रॉडवे मार्गाच्या ४९ व्या रस्त्यावर लिफ्ट फक्त उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटाला. जवळच आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर ५० व्या रस्त्याच्या स्टेशनात फक्त दक्षिणेकडच्या फलाटाला. व्हीलचेअरवाल्याने जाताना एका स्टेशनातून जायचं आणि येताना दुसऱ्या स्टेशनात उतरायचं.

आणि १६८ वा रस्ता. वर कोलंबिया विद्यापीठाचं भलंमोठं रुग्णालय, खाली एक नंबरच्या गाडीचं खोल खडकातलं स्टेशन. इतकं खोल की सुरुवातीपासूनच प्रवाशांसाठी मोठ्या लिफ्ट आहेत. पण या लिफ्ट फलाटांपर्यंत जात नाहीत. त्या रुळांवरच्या पुलाशी सोडतात आणि तिथून फलाटावर उतरायला जिना. म्हणजे लिफ्ट असून स्टेशन सुगम्य नाही, तेही रुग्णालयाच्या दारात. (शेजारी ए आणि सी गाड्यांचा फलाट आहे, तो सुगम्य आहे.) २०१९ मध्ये या जुन्या लिफ्ट बदलायला काढल्या तेव्हा एक नंबरची गाडी तिथे जवळपास वर्षभर थांबलीच नाही. एवढा खर्च, एवढा खोळंबा, आणि काम संपल्यावर शेवटचा जिना जागच्या जागी.

लिफ्ट बसवली म्हणजे झालं?

स्टेशनात लिफ्ट असणं आणि ती आज सकाळी चालू असणं यात फरक आहे, आणि तो न्यूयॉर्कमध्ये फार मोठा ठरतो. साध्या स्टेशनातही रस्त्यापासून मधल्या मजल्यापर्यंत एक लिफ्ट आणि तिथून प्रत्येक फलाटाला एकेक, अशा दोन-तीन लिफ्ट लागतात. एका प्रवासात चढताना दोन आणि उतरताना दोन असं धरू. प्रत्येक लिफ्ट शंभरपैकी ९७ वेळा चालू असते असं मानलं तरी चारही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे नऊ प्रवासांत एकदा तुम्ही कुठेतरी अडकणार, आणि मध्ये गाडी बदलायची असेल तर आणखी जास्त वेळा. कागदावर ९७ टक्के वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ही व्यवस्था उत्तम वाटते. रोज कामावर जाणाऱ्या व्हीलचेअरवाल्याला महिन्यात दोन-तीन वेळा साहेबांना फोन करून सांगावं लागतं की मी फलाटावर अडकलोय.

आणि अडकणं म्हणजे जिन्याने जाणाऱ्याला होतो तसा पाच मिनिटांचा उशीर नव्हे. पुढच्या सुगम्य स्टेशनापर्यंत जायचं, तिथून बसने मागे यायचं, तिथलीही लिफ्ट बंद निघाली तर आणखी पुढे.

मे २०१७ मध्ये स्ट्रिंगर यांच्या कार्यालयाने लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. नमुन्यात घेतलेल्या यंत्रांपैकी जवळपास ८० टक्के यंत्रांची ठरलेली सगळी नियमित देखभाल झालेली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेंटर फॉर इंडिपेंडन्स ऑफ द डिसेबल्ड, न्यूयॉर्क आणि इतरांनी दोन दावे लावले: एक राज्य न्यायालयात, लिफ्टच नाहीत म्हणून, दुसरा केंद्रीय न्यायालयात, आहेत त्या बंद असतात म्हणून. दिवसाला सरासरी २५ लिफ्ट बंद पडतात, असा फिर्यादींचा आरोप होता.

इथे एमटीएच्या बाजूची एक अडचण खरी आहे. लंडन काय, मुंबईची मेट्रो काय, रात्री काही तास बंद असतात. तेवढ्यात तेल-पाणी, तपासणी उरकता येते. न्यूयॉर्कचा सबवे रात्रीही चालतो. लिफ्टचे खड्डे जमिनीखाली, पाणी झिरपणारे. रस्त्याच्या तोंडाशी असलेली लिफ्ट पाऊस, बर्फावर टाकलेलं मीठ, घाण सगळं झेलते. अशा यंत्राला घरगुती इमारतीतल्या लिफ्टचं वेळापत्रक लावून चालत नाही. जास्त माणसं, जास्त सुटे भाग, आणि बिघाड व्हायच्या आधीच भाग बदलायची शिस्त लागते. पण भांडवली आराखड्यात फीत कापायला नवी लिफ्ट मिळते. जुन्या लिफ्टचा झिजलेला पट्टा बदलला म्हणून कुणी फीत कापत नाही, आणि तो पैसाही वेगळ्या खिशातून, चालू खर्चातून, येतो. वर्षाचा हिशेब जुळत नसला की आधी हाच खिसा चाचपला जातो.

एक अब्ज डॉलरची रंगरंगोटी

प्राधान्यक्रम कसा बिघडतो याचा नमुना बघायचा तर २०१६ ची 'एन्हान्स्ड स्टेशन इनिशिएटिव्ह'. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या पुढाकाराने ३३ स्टेशनं निवडली. नवे दिवे, काच, लाद्या, डिजिटल पडदे, मोबाइल चार्ज करायला यूएसबीची भोकं. खर्चाचा अंदाज जवळपास एक अब्ज डॉलर. ब्रुकलिनमधली ५३ वा रस्ता, बे रिज अ‍ॅव्हेन्यू आणि प्रॉस्पेक्ट अ‍ॅव्हेन्यू ही तीन स्टेशनं २०१७ मध्ये प्रत्येकी सहाएक महिने पूर्ण बंद ठेवली. लिफ्ट या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी नाही. पावसाळ्यात छप्पर गळतंय आणि घरमालक हॉलला महागडा रंग काढतोय, तसा हा प्रकार.

जानेवारी २०१८ मध्ये एमटीएच्या मंडळावरच्या शहराच्या प्रतिनिधींनी पुढच्या आठ स्टेशनांच्या ठेक्यांवर हरकत घेतली: सुगम्यता नाही, सिग्नल जुनाट, आणि हा पैसा इथे का? मतदान पुढे ढकललं गेलं. महिन्याभराने तेच ठेके मंजूर झाले. मात्र खर्च फुगत गेला आणि योजना ३३ स्टेशनांपर्यंत पोचलीच नाही.

आता मिडलटाउन रोड आणि ही योजना शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे स्टेशन महिनोन् महिने बंद. ठेकेदार जागेवर आणि वीज, पाणी, केबल उघडी. लिफ्टच्या कामात सगळ्यात महाग आणि सगळ्यात त्रासदायक काय असतं तर नेमकं हेच: स्टेशन बंद करणं, जमीन उघडणं, वाहिन्या हलवणं. ते सगळं करून झालं आणि लिफ्ट तेवढी राहिली. कधी ना कधी ती बसवावी लागणारच. तेव्हा हेच सगळं दुसऱ्यांदा.

उलट उदाहरणही आहे. २०१२ च्या सँडी वादळात पूर्व नदीखालच्या कॅनार्सी बोगद्यात खारं पाणी शिरलं आणि एल गाडीच्या या बोगद्याची मोठी दुरुस्ती अटळ झाली. त्या दुरुस्तीच्या कामात ब्रुकलिनच्या बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यू आणि मॅनहॅटनच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू या दोन्ही स्टेशनांच्या लिफ्ट घातल्या होत्या. बोगदा किती काळ बंद ठेवायचा यावर २०१९ मध्ये बराच राजकीय गोंधळ झाला, आराखडा शेवटच्या घटकेला बदलला, पण लिफ्ट कामातून वगळल्या गेल्या नाहीत आणि झाल्या. दुरुस्तीच्या मूळ कागदात लिफ्ट असेल तर ती गोंधळातही टिकते, असा याचा अर्थ मी घेतो.

आणीबाणी, आणि एक साहेब

जून २०१७ च्या अखेरीस हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्याजवळ ए गाडी रुळांवरून घसरली. दोन दिवसांनी कुओमो यांनी सबवेसाठी आणीबाणी जाहीर केली आणि ८३.६ कोटी डॉलरचा तातडीचा कार्यक्रम आला: रूळ, सिग्नल, तुंबलेली गटारं. पुन्हा एकदा, आधी गाडी धावू दे. या वेळी फरक इतकाच पडला की जानेवारी २०१८ मध्ये सबवेचे प्रमुख म्हणून टोरांटोहून आलेल्या अँडी बायफर्ड यांनी दोन्ही प्रश्न एकाच आराखड्यात लिहिले. मे २०१८ च्या त्यांच्या 'फास्ट फॉरवर्ड'मध्ये सिग्नल बदलण्याच्या बरोबरीने पाच वर्षांत ५० स्टेशनांना लिफ्ट होत्या. त्यातलं मोजमाप मला जास्त आवडलं: कुठल्याही प्रवाशाला सुगम्य स्टेशन दोनपेक्षा जास्त स्टेशनं लांब असू नये. इतकी स्टेशनं झाली असं मोजणं वेगळं आणि प्रवाशाला किती लांब जावं लागतं हे मोजणं वेगळं. बायफर्ड यांनी सुगम्यतेसाठी स्वतंत्र वरिष्ठ सल्लागारही नेमला, जो स्वतः व्हीलचेअर वापरणारा होता.

जानेवारी २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू स्टेशनाच्या जिन्यावर बाबागाडी घेऊन उतरणारी बावीस वर्षांची आई कोसळली आणि गेली. बाळ वाचलं. पुढे वैद्यकीय अहवालात मृत्यूचं कारण आधीचा आजार निघालं, पडणं नव्हे. त्यामुळे या घटनेवरून लिफ्टच्या बाजूने सरळ निष्कर्ष काढणं बरोबर नाही. पण तिने लोकांच्या लक्षात एक गोष्ट आणून दिली, जी कित्येक वर्षांच्या खटल्यांना जमली नव्हती: लिफ्ट लागणारी माणसं व्हीलचेअरवालीच असतात असं नाही. बाबागाडीवाले, प्लास्टरमधला पाय, विमानतळाची बॅग, सत्तरीची आजी. चर्चेची भाषा तिथून बदलली.

मार्च २०१९ मध्ये न्यायमूर्ती एडगार्डो रामोस यांनी मिडलटाउन रोडच्या खटल्यात एमटीएच्या विरोधात निकाल दिला. स्टेशनाच्या वापरावर परिणाम करणारं नूतनीकरण केलं तर लिफ्ट बसवावीच लागेल. ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तरच सूट. खर्च जास्त येतो हे कारण चालणार नाही. १९८४ च्या तडजोडीत राज्याच्या कायद्यातून बाजूला पडलेला नियम पस्तीस वर्षांनी केंद्राच्या कायद्यातून परत आला.

नियम की नुसती शिफारस, हा वाद आपल्याकडेही अलीकडेच गाजला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, पण त्याखालच्या नियम १५ मध्ये सुगम्यतेची मानकं मार्गदर्शक सूचनांसारखी ठेवली होती. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि न टाळता येणारी किमान मानकं आखायला सांगितलं. पुणे-मुंबईच्या नव्या मेट्रोंना लिफ्ट जन्मापासून आहेत. दादरच्या पुलांची गोष्ट वेगळी, आणि न्यूयॉर्कचं प्रकरण वाचायचं ते दादरसारख्या जुन्या स्टेशनांसाठी.

पैसा कुठून, आणि इतका का

२०२०-२४ च्या आराखड्यात एमटीएने ७० स्टेशनांसाठी ५.२ अब्ज डॉलर ठेवले. भागाकार केला तर स्टेशनामागे सात कोटी डॉलरच्या वर. हा आकडा ऐकून कुणाचीही भुवई उंचावेल, आणि उंचावायलाच हवी. काही कारणं जमिनीतली आहेत: फुटपाथखाली वाफेच्या, पाण्याच्या, विजेच्या शंभर वर्षांच्या वाहिन्या, ज्यांचे नकाशे भरवशाचे नाहीत, फलाट इतके अरुंद की लिफ्टचा चौकोन घातला तर बाजूने माणूस जायला जागा उरत नाही, वर चालू गाड्या, त्यामुळे काम रात्री आणि शनिवार-रविवारी. काही कारणं कार्यालयातली: प्रत्येक स्टेशनाचा स्वतंत्र ठेका, स्वतंत्र आराखडा, थरावर थर सल्लागार. अलीकडे एमटीएने अनेक स्टेशनं एका ठेक्यात बांधायला सुरुवात केली आणि काही ठिकाणी बसवणाऱ्यानेच पुढची १५ वर्षं लिफ्ट सांभाळायची अशी अट घातली. देखभालीच्या दुखण्यावर मला दिसलेला हा सगळ्यात समजूतदार उपाय आहे, कारण तकलादू लिफ्ट बसवली तर भुर्दंड त्याच ठेकेदाराला. २०२१ मध्ये शहराने स्टेशनाजवळ बांधकाम करणाऱ्या बिल्डरांना लिफ्टसाठी जागा राखायला लावणारा नियमही केला; लिफ्ट स्वतः बांधून देणाऱ्याला जादा बांधकामाची मुभा.

बाकीचा पैसा गर्दी-करातून यायचा होता. मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला मोटार घेऊन येणाऱ्याने कर भरायचा आणि त्या उत्पन्नावर १५ अब्ज डॉलर उभे करायचे, असा राज्याचा कायदा २०१९ मध्ये झाला. १५ डॉलरचा कर ३० जून २०२४ ला सुरू होणार होता. ५ जूनला गव्हर्नर कॅथी होकल यांनी तो थांबवला. एमटीएने लगेच कामांची छाटणी केली आणि छाटलेल्यांत वीसहून जास्त स्टेशनांच्या लिफ्ट होत्या. चालू गाड्या सुरक्षित ठेवणारी कामं आधी, असं कारण दिलं गेलं. ते चुकीचं नव्हतं. कॉच यांचंही नव्हतं. ५ जानेवारी २०२५ ला कर ९ डॉलरने सुरू झाला आणि ती कामं पुन्हा हलली.

२०५५

२०१७ च्या दाव्यांवर जून २०२२ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. २०५५ पर्यंत ९५ टक्के स्टेशनं सुगम्य करायची: २०२५ पर्यंत ८१, पुढच्या दहा वर्षांत ८५, मग ९० आणि पुन्हा ९०. दरवेळच्या भांडवली आराखड्यातला ठरलेला वाटा यासाठी बांधून घेतला आहे. अनेकांनी २०५५ वर नाकं मुरडली, आणि आज चाळिशीत असलेल्या व्हीलचेअरवाल्याने मुरडली तर कुणी त्याला दोष देऊ नये. पण १९८४ च्या यादीपेक्षा हा करार भक्कम आहे असं मला वाटतं. त्यात आकड्याला पैशाची टक्केवारी जोडली आहे, आणि रामोस यांच्या निकालामुळे यादीबाहेरच्या स्टेशनाचा जिना काढतानाही आता लिफ्टचा हिशेब द्यावा लागतो.

कच्चा दुवा दुसरीकडे आहे. २०२५-२९ च्या ६८.४ अब्ज डॉलरच्या आराखड्यात आणखी किमान ६० स्टेशनांना लिफ्ट आहेत. याच वर्षांत १९९० च्या दशकात बसवलेल्या लिफ्ट म्हाताऱ्या होऊन बदलायला येताहेत. लिफ्ट बदलायला काढली की ते स्टेशन कित्येक महिने पुन्हा जिन्याचं होतं. तोवर शेजारचं स्टेशन सुगम्य नसेल तर त्या भागातला प्रवासी परत २०१३ मध्ये. म्हणून कुठली ६० निवडता याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. ज्या स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या लिफ्ट आहेत ती आधी घ्यायला हवीत, मग तिथली गर्दी कमी का असेना. बायफर्ड २०२० मध्ये राजीनामा देऊन गेले. त्यांचं दोन स्टेशनांचं मोजमाप २०२२ च्या करारात बंधनकारक अट म्हणून आलेलं नाही. तिथे मोजली जातात ती स्टेशनंच.